सोयाबीनची थप्पी आणि थंडीतला पक्षी

प्रश्न असा आहे: "मी औसा तालुक्यातला, कृषी पदवीधर, वय 24. वडिलांनी 2021 मध्ये सोयाबीनचा क्विंटलला दहा हजारांचा भाव बघितला, तेव्हापासून कमी भावात माल काढायला त्यांचा जीव धजत नाही. घरात थप्पी लागलीय. चुलते बांधावरच्या दीड हात जमिनीसाठी नऊ वर्षं कोर्टाच्या तारखा करतायत. मी स्वतः बँकेच्या परीक्षा द्याव्यात की दहा म्हशींचा गोठा टाकावा यात वर्षभर अडकलोय. जो तो म्हणतो, भावना बाजूला ठेव, डोक्यानं ठरव. भावना माणसाला एवढ्या नडत असतील तर उत्क्रांतीत त्या टिकल्या कशा?"

तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा, म्हणून अरे-तुरे करतो, राग मानू नकोस. लातुरात मानसोपचाराची ओपीडी चालवतो त्याला सत्तावीस वर्षं झाली. "भावनेच्या भरात केलं हो, डॉक्टरसाहेब" हे वाक्य दिवसातून चार-पाचदा कानावर येतं. "भावना नव्हती म्हणून असं झालं" असं सांगणारा नातेवाईक मात्र अजून भेटलेला नाही. तरी अशी माणसं असतात. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापासूनच सुरू करावं लागेल.

अमेरिकेत आयोवा इथे अँटोनियो दमासिओ या मेंदूतज्ज्ञांकडे एक पेशंट आला. त्यांनी त्याला एलियट हे टोपणनाव दिलं. कपाळामागे मेंदूच्या आवरणाची गाठ झाली होती. ऑपरेशन करून ती काढली, तिच्यासोबत पुढच्या भागातला इजा झालेला मेंदूही गेला. बुद्धी शाबूत, स्मरण शाबूत, बोलणं शाबूत, बुद्ध्यांकाच्या चाचण्यांत चांगले मार्क. पण नोकरी गेली, नको त्या माणसाच्या नादी लागून धंद्यात घातलेला पैसा बुडाला, घटस्फोट झाला, दुसरं लग्न केलं, तेही मोडलं. आणि ही सगळी हकिगत तो शेजारच्या गावातल्या कुणाची सांगावी तशी सांगायचा, डोळ्यात टिपूस नाही.

तशीच इजा असलेल्या आणखी एका पेशंटला दमासिओंनी पुढच्या भेटीसाठी दोन तारखा सुचवल्या, कुठलीही एक निवड म्हणाले. त्यानं डायरी काढली आणि जवळजवळ अर्धा तास दोन्ही तारखांच्या बाजूनं आणि विरोधात मुद्दे मांडत बसला. त्या दिवशीची दुसरी कामं, हवामान कसं असेल, सगळं. एकही मुद्दा चुकीचा नव्हता. शेवटी डॉक्टरांनीच एक तारीख सांगितली, तर "बरं" म्हणून उठून गेला. डोक्यानं ठरव म्हणतात ना, ते हे असं दिसतं. डोकं मुद्दे काढत राहतं, पण "पुरे, हेच" असं म्हणायला आतून कुणी नसतं.

तू प्रश्नात "जीव धजत नाही" असं लिहिलंस. आपल्या भाषेनं हे कधीच ओळखलंय. काळजात धस्स होतं, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, मन खातं, जीव भांड्यात पडतो. निर्णयाचे शब्द आपण शरीरावर लावतो. भरतमुनींनीही नाट्यशास्त्रात घाम, कंप, रोमांच, रंग उडणं, आवाज फुटणं अशा आठ सात्त्विक भावांची वेगळी नोंद ठेवली. दमासिओंचं म्हणणं थोडक्यात हेच: मागच्या अनुभवातून शरीर खुणा करून ठेवतं, आणि पुढे तसाच प्रसंग आला की विचार पूर्ण व्हायच्या आत त्या खुणा हलतात.

त्यांच्या गटानं 1994 मध्ये याच्यासाठी पत्त्यांचा एक खेळ बसवला. चार गड्ड्या. दोनांत घसघशीत बक्षीस पण मधूनच मोठा फटका, दोनांत थोडं बक्षीस आणि फटकाही थोडा. मोठ्या बक्षिसाच्या गड्ड्या शेवटी बुडवतात. तळव्यांवरचा घाम मोजायचं यंत्र लावलं, तर साधारण दहा-एक पत्ते झाल्यावरच धडधाकट माणसांचा हात वाईट गड्डीकडे जाताना घाम वाढायला लागला. "ही गड्डी काही बरी वाटत नाही" असं तोंडानं म्हणायला त्यांना पन्नासच्या आसपास पत्ते लागले. कपाळामागे इजा झालेल्यांना तो आधीचा घाम येईना, आणि त्यांच्यातले काही तर गड्डी वाईट आहे हे कळल्यावरही तिच्यातूनच ओढत राहिले. पुढे काही संशोधकांनी हरकत घेतली की नीट विचारलं तर खेळणाऱ्यांना बरंच आधी कळलेलं असतं, घामाला फार श्रेय देऊ नका. हरकत रास्त आहे. पण कळलेलं असूनही हात न थांबणं हा जो भाग आहे, तो मी ओपीडीत रोज बघतो, त्यामुळे माझा कल दमासिओंकडेच राहिलाय.

आता उत्क्रांती. निर्णय ही गोष्ट मेंदूच्याही आधीची आहे. एका पेशीचा जिवाणूसुद्धा साखरेकडे सरकतो आणि विषापासून लांब जातो. हवं की नको, एवढाच हिशोब. पुढे शरीरं मोठी झाली, भूक, तहान, धोका, जोडीदार, पिल्लं अशी एकाच वेळी दहा कामं मागे लागली, आणि आत्ता यातलं कुठलं आधी हे ठरवणारं काहीतरी लागलं. भीती म्हणजे नुसतं "वाटणं" नाही. भीती आली की पचन थांबतं, तोंड कोरडं पडतं, यकृतातली साखर रक्तात येते, कान टवकारतात, भूक विसरते, जवळचा आडोसा आणि पळायची वाट सोडून दुसरं काही सुचत नाही. सगळं घर एका हुकमानं कामाला लागतं. वाचत होते ते असे प्राणी, म्हणून ते टिकले, आणि आपण त्यांची लेकरं.

मग ती नडते का? सोयाबीन काढणीचे दिवस घे. पेंढी उचलताना काहीतरी वळवळल्यासारखं वाटतं आणि तू चार हात मागे उडी मारतोस. बघतोस तर सुतळी. बायका हसतात. समज, उगाच उडी मारण्याची किंमत एक रुपया आणि घोणस चावण्याची किंमत हजार रुपये. तर साप असायची शक्यता हजारात एकपेक्षा जास्त वाटली की उडी मारणंच फायद्याचं. म्हणजे अगदी काटेकोर बसवलेली भीतीसुद्धा हजारातल्या नऊशे नव्याण्णव वेळा खोटी ठरू शकते, आणि तरीही ती बरोबरच असते. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रँडॉल्फ नेसी यांनी याला धूर ओळखणाऱ्या यंत्राची उपमा दिली: भाकरी करपली तरी कोकलणारं यंत्र आपण सहन करतो, आग लागल्यावर गप्प बसणारं नाही. चिंतेच्या पेशंटला मी हे गणित कागदावर मांडून दाखवतो. "म्हणजे मी येडा नाही तर" असं म्हणून निम्म्यांचे खांदे तिथेच खाली येतात. उरलेल्यांना गोळी लागते, त्यातही काही गैर नाही.

30 सप्टेंबर 1993 ला मी इंटर्न होतो. विसर्जनाची रात्र सरत होती, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारी हललं. पुढचे काही दिवस कसे गेले ते सांगत नाही, एवढंच सांगतो. वॉर्डात एक आजी होती, मांडी मोडलेली. तिनं कॉट व्हरांड्यात ओढायला लावली. व्हरांड्यालाही छत आहे हे लक्षात आल्यावर लिंबाखाली न्यायला लावली. पाऊस सुरू झाला. आम्ही चौघं प्लास्टिकचा कागद धरून उभे, आणि आजी भिजत म्हणतेय, "भिजून मरंना मी, पर दगडाखाली न्हाई." आम्हाला ती भ्रमिष्ट वाटली. आज वाटतं, तिथल्या सगळ्यांत तिचाच हिशोब पक्का होता. हजारो माणसं मारली ती त्याच जाड दगड-मातीच्या भिंतींनी आणि धाब्याच्या ओझ्यानं, आणि धक्के अजून येत होते. एकाच रात्रीत शरीरानं योग्य वस्तूवर खूण केली होती. दहा वर्षांनी पुनर्वसित गावातला एक माणूस माझ्याकडे आला, ट्रक गेला की पोरं उचलून अंगणात पळायचा. खूण तीच होती, मधल्या काळात घर मात्र बदललं होतं.

एका फटक्यात शिकणं हे किळसेतही दिसतं. भगरीतून विषबाधेच्या बातम्या आपल्याकडे सणावारांच्या, एकादशीच्या दिवसांत येतातच. ज्याला रात्रभर उलट्या झाल्या त्याला पुढे कित्येक वर्षं भगरीचा वाससुद्धा सोसत नाही, मग ती कितीही ताजी दळलेली असो. जॉन गार्सिया यांनी उंदरांवर हे दाखवलं: चव आणि आजारपण यांच्यात काही तास गेले तरी मेंदू दोन्हींची गाठ मारतो. दिवा किंवा आवाज यांच्याशी मात्र तशी गाठ बसत नाही. पोट बिघडलं तर दोष खाल्लेल्याला द्यायचा, हे जन्मतःच लिहून आलेलं आहे.

चुलत्यांचं प्रकरण वेगळ्या खात्यातलं. माणूस टोळीनं जगला, त्यामुळे आपल्या बऱ्याच भावना दुसऱ्या माणसांशी व्यवहार करायला घडल्या. सावड घे. आज माझे बैल तुझ्या रानात, परवा तुझे माझ्या रानात, लिहून काही नाही. हे चालतं कशावर? केलेलं विसरला नाही याबद्दलच्या मायेवर, न फेडल्यास मन खाण्यावर, आणि फसवणाऱ्याच्या रागावर. रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी 1971 मध्ये नेमकं हेच मांडलं: परतफेडीच्या व्यवहाराला राखणदार म्हणून या भावना वाढल्या.

रागाचा हिशोब कागदावर नेहमी तोट्याचाच दिसतो. पण कोर्ट, सातबारा, मोजणी यातलं काहीच नव्हतं त्या काळात जा. बांध दीड हात कोरला आणि तू "जाऊ दे" म्हणालास, तर पुढच्या पेरणीला तीन हात जातो. "हा माणूस स्वतःचं नुकसान करून घेईल पण सोडणार नाही" अशी ज्याची ख्याती, त्याच्या बांधाला कुणी हात लावत नाही. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी 1988 मध्ये हे उलगडून सांगितलं, की असली भावना तोट्याची आहे म्हणूनच तिची धमकी खरी वाटते. जर्मनीत 1982 मध्ये याच्यावर एक खेळ झाला, नंतर तो जगभर खेळला गेला. शंभर रुपये, एकानं वाटा ठरवायचा, दुसऱ्यानं हो म्हणायचं किंवा नाही. नाही म्हटलं तर दोघांनाही शून्य. वीसच्या आत वाटा दिला तर बरेच लोक फुकटचे पैसे लाथाडतात. तुझे चुलते हा खेळ नऊ वर्षं खेळतायत.

बिघाड कुठे आहे? हा राग चार दिवसांच्या चव्हाट्यावरच्या भांडणासाठी घडलेला आहे. गाव बघतंय, म्हातारे मध्ये पडतायत, एक जण मागे सरकतो, दोघांचीही लाज राखली जाते, राग विझतो. तारखेला तसं काही होत नाही. निखारा राखेखाली जायला लागला की पुढची तारीख येऊन फुंकर घालते. चुलत्यांना "राग सोडा" म्हणू नकोस, ते आणखी पेटतील. समोरच्याच्या मामा-सासऱ्यांपैकी कुणी वजनदार म्हातारा असेल तर त्याला गाठ. दीड हाताची भरपाई जमिनीत नाही मिळाली तरी चारचौघांत "चूक आमच्याकडून झाली" एवढं मिळालं, तर अशी भांडणं मिटलेली मी बघितली आहेत.

आता तुझे वडील. यांच्यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण असे वडील माझ्याकडे दर हंगामात येतात. झोप लागत नाही म्हणून येतात, आणि मग हळूच विषय निघतो तो थप्पीचा.

ऑगस्ट 2021 च्या सुमारास लातूरच्या मोंढ्यात सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं, पण त्या वेळी कितीकांच्या घरात माल होता? बहुतेकांनी तो आधीच निम्म्या भावात काढलेला. म्हणजे दहा हजार हा तुझ्या वडिलांच्या हातात आलेला भाव नाही, हातातून निसटलेला भाव आहे. "दहा हजार बघितलेत म्या" असं जेव्हा ते म्हणतात तेव्हा त्यात आशा कमी आणि हळहळ जास्त असते. त्यानंतर भाव उतरत गेला. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 असताना मोंढ्यात त्याच्याही खाली सौदे होत होते. माल वाळून वजनात घट धरली, आडत्याच्या उचलीवर व्याज चढलं, उंदरांनी कट्टे फोडले, तरी थप्पी हलली नाही.

कानेमन आणि त्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दोन गोष्टी मांडल्या. एक, हजार गेल्याचं दुःख हजार मिळाल्याच्या आनंदापेक्षा मोठं असतं. पुढे त्यांनीच ते दुपटीहून थोडं जास्त असल्याचं काढलं. दुसरी गोष्ट लोक विसरतात: फायद्यात असलेला माणूस हातचं राखतो, पण तोट्यात आहोत असं वाटणारा माणूस जुगार खेळतो.

हे माणसापुरतं नाही. 1980 मध्ये टॉमस कराको आणि सहकाऱ्यांनी जुंको नावाच्या लहान पक्ष्यांवर प्रयोग केला. एका जागी दरवेळी ठरावीक दाणे, दुसऱ्या जागी कधी काहीच नाही तर कधी दुप्पट. सरासरी सारखीच. पोटाचा हिशोब जुळत होता तेव्हा पक्षी ठरावीक दाण्यांकडे गेले. अन्न कमी पडत असताना ते बेभरवशाच्या जागेकडे वळले. पुढे 1990 मध्ये कराकोंच्याच गटानं थंडी वाढवून पाहिलं, तेव्हाही तेच झालं. आणि ते शहाणपणाचंच आहे. ठरावीक दाण्यांवर आजची रात्र निघणारच नसेल, सकाळी मेलेलंच सापडायचं असेल, तर जुगार हीच एकमेव आशा. तोट्याची इतकी धास्ती का, तेही इथेच कळतं. काठावर जगणाऱ्याला एक दिवसाचं जास्तीचं अन्न थोडं सुख देतं, एक दिवसाचं कमी अन्न जीव घेतं. कोरडवाहू रानात दोन पिढ्या काढलेल्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नाही.

तुझ्या वडिलांच्या आत तो थंडीतला पक्षी बसलाय. फरक इतकाच की पक्षी आपली भूक पोटावरून मोजतो, आणि वडील दहा हजारांवरून मोजतायत. त्या आकड्यावरून पाहिलं की साडेचार हजार म्हणजे उपासमार, आणि उपाशी जीव जुगार खेळणारच. त्यांना "लोभ सोडा" म्हटलेलं मनाला लागतं, कारण तो लोभ नाहीच. मी एक प्रश्न विचारतो, तू विचारून बघ, पण शांतपणे, जेवण झाल्यावर: "आबा, समजा घरात कट्टा नाही, आणि एवढ्या मालाचे रोख पैसे हातात आहेत. उद्या मोंढ्यात जाऊन ह्या भावानं सोयाबीन विकत घेऊन घरात थप्पी लावाल का?" बहुतेक जण हसून म्हणतात, "याड लागलंय का?" मग थोडा वेळ बोलत नाहीत. त्या गप्प बसण्यात मध्ये बोलू नकोस. एकदम सगळं काढा असंही म्हणू नकोस. एका टेम्पोपुरतं काढा, पट्टी घरी आणून आईच्या हातात द्या, आडत्याचं व्याज किती थांबलं ते तिला मोठ्यानं वाचायला लावा. हिशोबाचा आरंभ दहा हजारांवरून हलला की पुढचे कट्टे हलतात.

एक गोष्ट गंभीरपणे. या सगळ्यात त्यांना लाज वाटत असेल, मोंढ्यात जायचं टाळत असतील, सावकार दारात येऊन गेल्यावर कुणाशी बोलत नसतील, तर वाट बघू नकोस. लाज लहान टोळीत पत राखण्यासाठी घडली, तिचा पहिला सल्ला "लपून बस" हाच असतो, आणि एकटं लपून बसणं हेच कर्जातल्या माणसाला सगळ्यांत घातक. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास फुकट आहे, मराठीत बोलतात. जवळचा डॉक्टरही चालेल.

राहिलास तू. बँक की गोठा, याचे फायदे-तोटे तू वहीत दोन रकाने पाडून लिहिले असणार, वर्षभर. म्हणजे तारखांची डायरी घेऊन बसलेल्या त्या पेशंटसारखं. तुझा मेंदू धडधाकट आहे, मग असं का? कारण तुझ्याकडे खुणाच नाहीत. म्हशींबद्दल तुला जे वाटतं ते यूट्यूबवरच्या व्हिडिओंवरून वाटतं, आणि बँकेबद्दल जे वाटतं ते तुझ्या मावसभावाच्या पगारावरून. शरीर दुसऱ्याच्या अनुभवातून थोडंच शिकतं, स्वतःच्या अनुभवातून झटकन शिकतं, हे भगरीनं आणि किल्लारीनं दाखवलंच.

म्हणून वही मिट. ओळखीत ज्याचा गोठा असेल त्याच्याकडे तीन आठवडे राहा, पाहुणा म्हणून नाही, गड्यासारखा. शेण काढ, धारा काढ, दूध संकलन केंद्रावर घेऊन जा, फॅट कमी लागल्यावर काय ऐकून घ्यावं लागतं ते ऐक, रात्री म्हैस अडली तर जागा राहा. त्यानंतर तीन आठवडे घड्याळ लावून बँकेच्या परीक्षेचे पेपर सोडव, रोज, एका खोलीत. दोन्हीकडे पहिले आठ दिवस मोजू नकोस, नवलाई आणि अंगदुखी दोन्ही खोटं बोलतात. तिसऱ्या आठवड्यात पहाटे चारचा गजर वाजेल तेव्हा पोटात काय होतं, आणि पेपरचे मार्क बघताना काय होतं, ते लिहून ठेव आणि मला कळव. येळवस, म्हणजे वेळा अमावास्येपर्यंत जमलं तर उत्तम, आम्ही भज्जी-अंबिल खायला औशाकडेच येतो.